इंग्रजी वाक्यांतील चुका आणि त्यांचें मराठी मूळ

इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासून परत आल्या म्हणजे वर्गांत काय घडतें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. विद्यार्थी वही उघडतो, तांबड्या शाईच्या खुणा मोजतो, शेवटीं मिळालेले गुण पाहतो आणि वही मिटून दप्तरांत टाकतो. पुढील आठवड्यांत तोच विद्यार्थी तीच चूक पुन्हां करितो आणि शिक्षकांची लेखणी त्याच ठिकाणीं तीच रेघ पुन्हां ओढते. शिक्षकांस वाटतें, मुलें लक्ष देत नाहींत. पालकांस वाटतें, शाळेंत पूर्वीसारखें शिकवीत नाहींत. आणि मुलाच्या मनांत हळूहळू असें घर करूं लागतें कीं, आपल्या बुद्धींतच कांहीं तरी उणें आहे. या तिन्ही समजुती बहुतेक प्रसंगीं खोट्या असतात, आणि तिसरी तर अत्यंत घातक असते, असें माझें मत आहे. त्या मताचीं कारणें विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडावीं, एवढाच या लेखाचा हेतु.

मराठी मुलांच्या इंग्रजी वाक्यांतील नेहमींच्या चुका एकत्र करून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानांत येते. त्या चुका वाटेल तशा पडलेल्या नसतात. त्यांना एक प्रकारची शिस्त असते. कोल्हापूरचा मुलगा आणि नागपूरचा मुलगा एकमेकांस कधींही न भेटतां एकच चूक करितात. निव्वळ आळसानें झालेल्या चुका इतक्या एकसारख्या कशा होतील? खरें कारण असें कीं, मुलाचें मन ज्या भाषेंत घडलें त्या भाषेचें व्याकरण तो नकळत इंग्रजी शब्दांना लावीत असतो. शब्द परके असतात, पण सांगाडा घरचा असतो. म्हणून चुकीच्या वाक्यावर रेघ ओढून वर बरोबर वाक्य लिहून देणें ही अर्धीच दुरुस्ती होय. ज्या मराठी वाक्यांतून ती चूक निघाली तें वाक्य मुलासमोर ठेवावें आणि दोन भाषांच्या वाटा कोठें फुटल्या तें त्याला दाखवावें. ही उरलेली अर्धी दुरुस्ती होय. चूक पुन्हां न होणें हें या दुसऱ्या अर्ध्यावरच अवलंबून असतें.

कांहीं उदाहरणें घेऊं. "आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" हें वाक्य आपल्याकडील हजारों वह्यांतून सांपडेल. त्याच्या मागें "मी पांच वर्षांपासून येथें राहत आहें" हें निर्दोष मराठी वाक्य उभें आहे. राहणें अजून चालू आहे, म्हणून मराठीनें वर्तमानकाळ वापरला. इंग्रजी भाषा मात्र अशा वेळीं मागें वळून पाहते. क्रिया पूर्वीं सुरू झाली आणि आतांपर्यंत येऊन पोहोंचली, हें तिला क्रियापदांतच सांगावयाचें असतें. म्हणून ती "आय हॅव बीन लिव्हिंग" असें म्हणते. दुसरी अडचण "पासून" या शब्दाची. आपण "सोमवारपासून" म्हणतों आणि "तीन दिवसांपासून" असेंही म्हणतों. इंग्रजींत जेथून आरंभ झाला त्या क्षणाला "सिन्स" आणि जितका काळ लोटला त्या मुदतीला "फॉर" असे दोन निराळे शब्द आहेत. विद्यार्थ्यानें स्वतःस एकच प्रश्न विचारावा: या काळाच्या आरंभावर दिनदर्शिकेंत बोट ठेवतां येईल, कीं दिवस मोजावे लागतील? सोमवारावर बोट ठेवतां येतें, म्हणून "सिन्स मंडे". तीन दिवस मोजावे लागतात, म्हणून "फॉर थ्री डेज". हा प्रश्न एकदां अंगवळणीं पडला म्हणजे तांबड्या शाईची गरज उरत नाहीं.

विभक्तिप्रत्ययांची गोष्टही अशीच आहे. "मीं त्याला विचारलें" यांतील "ला" प्रत्यय मुलाला इंग्रजींत "टु" झालेला दिसतो आणि तो "आय आस्क्ड टु हिम" असें लिहितो. "त्यानें मला सांगितलें" याचें तो "ही टोल्ड टु मी" करितो. उलट "मीं गाणें ऐकलें" यांत गाण्याला कोणताच प्रत्यय नाहीं, म्हणून "आय लिसन्ड द साँग" असें लिहितांना त्याला शंकाही येत नाहीं. "सामन्याविषयीं चर्चा केली" यांतून "डिस्कस्ड अबाउट द मॅच" निघतें आणि "डॉक्टरशीं लग्न केलें" यांतून "मॅरीड विथ अ डॉक्टर" निघतें. या सर्व ठिकाणीं मुलानें मराठी प्रत्ययाचें प्रामाणिकपणें भाषांतर केलेलें आहे. परंतु प्रत्ययांचें भाषांतर होत नसतें. इंग्रजींत प्रत्येक क्रियापद आपला सोबती स्वतः निवडतें. "लिसन" हें "टु"शिवाय आणि "वेट" हें "फॉर"शिवाय आपल्या कर्मापर्यंत पोहोंचत नाहीं. "आस्क", "टेल", "डिस्कस" आणि "मॅरी" यांना कर्म गांठण्यासाठीं कोणाचीही सोबत लागत नाहीं. म्हणून क्रियापद पाठ करावयाचें तें त्याच्या सोबत्यासकट पाठ करावें.

मराठींत "जरी" आला कीं "तरी" यावाच लागतो. "तो जरी गरीब आहे तरी प्रामाणिक आहे" या वाक्यांतून "तरी" काढून टाकला तर वाक्य लंगडें होतें. या संवयीनें मुलगा "ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट" असें लिहितो. इंग्रजी सुतार एका सांध्याला एकच खिळा मारतो. "ऑल्दो" घातला तर "बट" नको आणि "बट" घातला तर "ऑल्दो" नको. तसेंच नकाराचें. "कोणीही आलें नाहीं" यांत आपला नकार क्रियापदापाशीं असतो. इंग्रजींत "नोबडी" या शब्दाच्या पोटांतच तो शिरलेला आहे. म्हणून "नोबडी डिड नॉट कम" असें म्हटलें म्हणजे दोन नकार होतात. "नोबडी केम" एवढेंच पुरे. "तो गेला नाहीं" यांत "गेला" हें भूतकाळाचें रूप नकार आला तरी कायम राहतें. म्हणून "ही डिड नॉट वेंट" असें होतें. इंग्रजींत भूतकाळाचें ओझें एकदां "डिड"नें उचललें म्हणजे "गो"नें तें पुन्हां उचलावयाचें नसतें.

वचनाचे घोटाळे तर पाहण्यासारखे आहेत. आपले केस मराठींत अनेकवचनी, म्हणून वडिलांचे "हेअर्स" पांढरे होतात. इंग्रजींत डोक्यावरचे सर्व केस मिळून एकवचनी "हेअर"च. उलट आपली कात्री एकवचनी, आपला चष्मा एकवचनी. इंग्रजीला मात्र कात्रीचीं दोन पातीं आणि चष्म्याच्या दोन कांचा दिसतात, म्हणून "सिझर्स" आणि "स्पेक्टॅकल्स" हे शब्द अनेकवचनीच चालतात. "माझा एक मित्र" यांतील मित्र एकटा, म्हणून "वन ऑफ माय फ्रेंड" ही चूक होते. येथें मनांत "मित्रांपैकीं एक" असें म्हणून पाहावें, म्हणजे "फ्रेंड्स"मधील शेवटचा "स" आपोआप येऊन बसतो. "ही गो टु स्कूल" या वाक्यालाही हंसूं नये. मराठींत मी जातों, तूं जातोस, तो जातो, ते जातात, अशी प्रत्येकाची निराळी मुद्रा क्रियापदावर उमटते. इंग्रजींत मी, तूं, आम्ही, ते या सर्वांना एकच "गो" चाललेला पाहून, या भाषेनें सगळेच प्रत्यय टाकून दिले असावेत, असा तर्क मूल करितें. तर्क शहाणपणाचा आहे. फक्त एका "तो"चा प्रत्यय इंग्रजीनें अजून जपून ठेविला आहे, एवढें त्याला सांगावयाचें राहून गेलें. "तो जातात" हें आपल्या कानास जसें खटकतें तसेंच "ही गो" हें इंग्रजाच्या कानास खटकतें, असें म्हटलें कीं मुलास तें तत्काळ पटतें.

येथवर मराठीमुळें होणाऱ्या चुका सांगितल्या. परंतु तीच मराठी आपल्याला मदतीचा हातही देते, हें मात्र क्वचितच कोणी सांगतें. "अ" केव्हां आणि "ॲन" केव्हां, या प्रश्नानें मुलें फार गोंधळतात, कारण तीं शब्दाच्या इंग्रजी अक्षरांकडे पाहतात. नियम तर उच्चाराचा आहे. मग तोच शब्द देवनागरींत लिहून पाहावा. आरंभीं स्वर आला तर "ॲन", व्यंजन आलें तर "अ". "अवर" आणि "ऑनेस्ट" हे शब्द इंग्रजींत "एच" या व्यंजनानें सुरू होतात, पण देवनागरींत त्यांच्या आरंभीं स्वर आहे. म्हणून "ॲन अवर", "ॲन ऑनेस्ट मॅन". "युनिव्हर्सिटी" इंग्रजींत स्वरानें सुरू होते, पण देवनागरींत आरंभीं "य" आहे. म्हणून "अ युनिव्हर्सिटी". "वन-रुपी नोट" हिच्या आरंभीं "व" आहे, म्हणून तिलाही "अ". "अंब्रेला" आणि "युनिफॉर्म" यांचें इंग्रजी आद्याक्षर एकच, पण एकीला "ॲन" आणि दुसऱ्याला "अ" कां, हें देवनागरी लिपि एका क्षणांत सांगते. "अ" आणि "द" यांतील भेदही आपल्या आजीच्या गोष्टींत सांपडतो. "एक होता राजा" असें ती प्रथम म्हणते, कारण तो राजा आपणांस अजून अनोळखी असतो. पुढच्याच वाक्यांत ती "त्या राजाला दोन राण्या होत्या" असें म्हणते, कारण आतां त्याची ओळख झालेली असते. पहिला राजा "अ किंग" आणि दुसरा "द किंग". मराठींत ही योजना नेहमींच शब्दांनीं दाखवीत नाहींत, पण तिची जाणीव मराठी मुलास उपजतच असते.

आतां सर्व चुका सारख्याच महत्त्वाच्या मानाव्या काय? माझ्या मतें मुळींच नाहीं. आणि येथेंच आपल्या तपासणीच्या रीतींत मोठा दोष आहे. "अ" गळला तरी एक रेघ आणि सबंध अर्थ उलटला तरी एकच रेघ, अशी समदृष्टि न्यायाची नव्हे. एका मुलाचे वडील आजारी आहेत, असें समजा. "वडील म्हणाले कीं, मी आजारी आहें" असें मनांत आणून तो रजेच्या अर्जांत "माय फादर सेड दॅट आय ॲम इल" असें लिहितो. मराठींत "कीं" आल्यावरही बोलणाऱ्याचे मूळ शब्द जसेच्या तसे ठेवतां येतात. इंग्रजींत "दॅट" आला कीं पुरुष बदलतो. परिणाम असा होतो कीं, अर्जांत वडील धडधाकट ठरतात आणि अर्ज घेऊन समोर उभा असलेला मुलगा आजारी ठरतो! "दोघेही आले नाहींत" याचें "बोथ डिड नॉट कम" केलें तर, दोघांपैकीं एक आला होता कीं काय, असा संशय वाचणाऱ्यास येतो. तेथें "नायदर केम" असेंच म्हटलें पाहिजे. "तूं पैसे घेतले नाहींस ना?" या प्रश्नाला आपण "हो, नाहीं घेतले" असें उत्तर देतों, आपला होकार विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजींत "यस" म्हटलें कीं, "घेतले" अशी कबुली झाली. प्रवासांत, दवाखान्यांत किंवा न्यायासनापुढें अशा एका शब्दानें केवढा अनर्थ होईल, याची कल्पना कोणासही करितां येईल.

यासाठीं चुकांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग अर्थ उलटविणाऱ्या चुकांचा. त्या तत्काळ आणि सर्वांआधीं दुरुस्त कराव्या. दुसरा, अर्थ कळतो पण भाषेची घडी मोडते अशा चुकांचा. त्या एका वेळीं एक प्रकार घेऊन संथपणें घालवाव्या. आठवडाभर केवळ "सिन्स" आणि "फॉर", दुसऱ्या आठवड्यांत केवळ "डिड". एका पानावर तीस तांबड्या खुणा पाहून कोणतेंही मूल तीस गोष्टी शिकत नाहीं. तें एकच गोष्ट शिकतें, ती म्हणजे आपल्याला इंग्रजी येणार नाहीं. तिसरा वर्ग ज्यांना चूक म्हणणेंच वादग्रस्त आहे अशा गोष्टींचा. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये, हा दंडक पुष्कळांनीं ऐकला असेल. ड्रायडन या कवीनें 1672 मध्यें बेन जॉन्सनच्या लेखनांत हा दोष काढला होता. परंतु इंग्रज लोक त्यानंतरही तशीं वाक्यें बोलत व लिहीत राहिले आणि फाउलर यानें 1926 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगांच्या कोशांत या दंडकाला अंधश्रद्धेच्याच पंक्तीला बसविलें. दुहेरी नकार चॉसरच्या काळीं निषिद्ध नव्हता. पुढें बिशप लौथ यानें आपल्या व्याकरणांत दोन नकार एकमेकांस खातात असें लिहिलें आणि तो नियम शाळांतून रूढ झाला. सभा ठरल्या वेळेच्या आधीं घेणें या अर्थीं आपल्या देशांत रूढ झालेला "प्रीपोन" हा शब्द पूर्वीं हंसण्यावारी नेला जाई. आतां त्याला ऑक्सफर्डच्या कोशांतही जागा मिळाली आहे. नियमही जन्मास येतात आणि वृद्ध होतात, एवढें यावरून दिसतें. मात्र ही माहिती आळसाची ढाल म्हणून कोणीं पुढें करूं नये. परीक्षा आजची असते, अर्ज आजचा असतो, तेव्हां आजची रूढि पाळणें भाग आहे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारपूर्वक घेतलेला असेल. कोणी म्हणेल, "मुलें मनांत मराठी वाक्य करून त्याचें भाषांतर करितात हाच तर रोग, तुम्ही पुन्हां मराठीच त्यांच्यापुढें आणतां! इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही उच्चारूं देऊं नये, म्हणजे रोग मुळापासून जाईल." मराठी शब्द तोंडांतून गेला तर दंड करण्याची रीतिही कित्येक शाळांनीं अवलंबिलेली आहे. पुष्कळ इंग्रजी ऐकावें, वाचावें, बोलावें, हें मला सर्वस्वीं मान्य आहे. त्यावांचून कोणतीही भाषा येत नाहीं. परंतु ओठांवर पहारा बसविला म्हणून मनांतील भाषा बाहेर जात नाहीं. ती तेथेंच राहते, फक्त दिसेनाशी होते. आणि जो शत्रु दिसत नाहीं त्याच्याशीं लढणें कठीण. इंग्रज बालकाच्या कानांवर जागेपणाचे सर्व तास इंग्रजी पडत असतें, म्हणून त्याला व्याकरणाचीं कारणें सांगावीं लागत नाहींत. आपल्या मुलास दिवसांतून एखादा तास मिळतो. ज्याला ऐकण्याची सवड थोडी त्याला समजण्याची मदत अधिक दिली पाहिजे. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर आपल्याकडील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या दोन भाषा शेजारीं शेजारीं ठेवूनच.

दुसरा आक्षेप अगदीं नव्या काळाचा आहे. आतां संगणक वाक्यें सुधारून देतो. मग एवढा खटाटोप कशास? यंत्राची मदत घेण्यांत कांहीं पाप नाहीं. परंतु "माय फादर सेड दॅट आय ॲम इल" हें वाक्य एकटेंच त्याच्यापुढें ठेविलें, तर व्याकरणदृष्ट्या त्यांत कांहींच वावगें नाहीं. घरांत आजारी कोण आहे हें त्या वाक्यांत नाहीं, तें लिहिणाऱ्यासच ठाऊक असतें. आपल्याला काय म्हणावयाचें होतें आणि आपण काय म्हटलें, यांचा मेळ घालण्याचें काम शेवटीं ज्याचें त्यालाच करावें लागतें. शिवाय परीक्षेच्या दालनांत आणि मुलाखतीच्या खोलींत मनुष्य आपल्या बुद्धीसह एकटाच बसलेला असतो.

पालकांस माझी विशेष विनंति आहे. परक्या माणसानें आपली भाषा मोडकीतोडकी बोलली तर आपण काय करितों, हें जरा आठवून पाहावें. मराठी शिकूं लागलेला एखादा इंग्रज "माझी डोकें दुखतो" किंवा "मी पोळी खाल्ला" असें म्हणतो. त्याची तरी काय चूक? वाट स्त्रीलिंगी, रस्ता पुल्लिंगी आणि घर नपुंसकलिंगी कां, याचें उत्तर आपल्यापाशीं तरी कोठें आहे? त्याच्या भाषेंत क्रियापद कर्त्याकडे पाहतें. आपलें क्रियापद "मीं पोळी खाल्ली" म्हणतांना कर्त्याला सोडून पोळीकडे पाहतें. अशा अडचणींतून वाट काढण्यासाठींच विल्यम केरी यानें पंडित वैजनाथ यांच्या साहाय्यानें मराठीचें व्याकरण रचून 1805 मध्यें श्रीरामपूर येथें छापिलें. पुढें 1831 मध्यें मोल्सवर्थचा कोश निघाला आणि 1836 मध्यें दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण निघालें. परक्याला मराठी कठीण जातें हें ओळखून त्याला कारणें सांगणारीं पुस्तकें निर्माण झालीं. आजही त्या इंग्रजाचें अडखळतें मराठी ऐकून आपण कौतुकानें म्हणतों, "वा! किती छान बोलतो!" पण आपलाच मुलगा पाहुण्यांसमोर इंग्रजी बोलतांना एका "अ"वर अडखळला कीं आपण हंसतों, किंवा पाहुण्यांदेखत त्याला दुरुस्त करितों. जी उदारता आपण परक्याच्या मराठीला दाखवितों ती आपल्या लेकराच्या इंग्रजीला कां दाखवूं नये?

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाहीं. ज्या घरीं इंग्रजी लिहिणारा पहिला मनुष्य म्हणजे शाळेंत जाणारा तो मुलगाच किंवा ती मुलगीच असते, त्या घराचा या प्रश्नाशीं फार जवळचा संबंध आहे. पेढीचा कागद, रुग्णालयाचा कागद, नोकरीचा अर्ज, हें सर्व उद्यां तें मूल वाचणार व लिहिणार असतें. अशा मुलाला वर्गांत दोनदां हंसें सोसावें लागलें म्हणजे तें तिसऱ्यांदा तोंडच उघडीत नाहीं. तें चुकत नाहीं, कारण तें बोलतच नाहीं. आणि ज्याची चूक बाहेरच पडत नाहीं त्याची दुरुस्ती कोण करणार? चुकत बोलणाऱ्या मुलाची काळजी करण्याचें कारण नाहीं. काळजी करावी ती मागच्या बाकावर गप्प बसलेल्याची.

शेवटीं विद्यार्थी मित्रांना एक साधा उपाय सुचवितों. इंग्रजीच्या वहीचीं शेवटचीं चार पानें राखून ठेवा आणि त्यांवर तीन रकाने आंखा. पहिल्या रकान्यांत तपासून आलेल्या निबंधांतील तुमचें चुकलेलें वाक्य जसेंच्या तसें लिहा. दुसऱ्यांत, तें लिहितांना मनांत जें मराठी वाक्य होतें तें लिहा. तिसऱ्यांत बरोबर इंग्रजी वाक्य लिहा आणि त्याखालीं एका ओळींत, दोन भाषा कोठें वेगळ्या झाल्या तें लिहा. आठवड्याला दोनच वाक्यें घ्या. वर्ष संपेपर्यंत जें व्याकरण तयार होईल तें कोणत्याही बाजारांत विकत मिळणार नाहीं, कारण तें तुमच्याच चुकांचें असेल.

आणि ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं त्यांनीं, आपला येथें कांहीं उपयोग नाहीं, असें समजूं नये. वही हातांत घेऊन मुलाला एवढेंच विचारावें, "बाळ, तुला मराठींत काय म्हणावयाचें होतें?" मधला रकाना भरण्यास लागणारी विद्या तुमच्यापाशीं पुरेपूर आहे, आणि अर्धी दुरुस्ती तेथेंच होते.